गालबोटाचा ट्रे

चाकूच्या त्या कारखान्यात मालाला नावं ठेवायला दोनच शब्द होते. एक गालबोट, दुसरा खोट. पात्यावर चरा आहे, मुठीच्या लाकडावर डाग आहे, रिबिटाची टोपी किंचित तिरकी बसली आहे, तर ते गालबोट. चाकू उघडल्यावर पातं खटक्यात घट्ट बसत नाही, जरा जोर पडला की मिटतं, तर ती खोट. गालबोट डोळ्यांना टोचतं आणि खोट बोटांना, असं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. सांगायचं काम अर्थातच भिंगताईंकडे होतं.

भिंगताई म्हणजे शेवटच्या टेबलावरच्या तपासनीस. कपाळाला पट्ट्याने बांधलेलं भिंग जेवणाच्या सुट्टीतही काढायला त्या विसरत, म्हणून हे नाव पडलं. बावीस वर्षं ते टेबल त्यांचं होतं. डाव्या हाताला तयार चाकूंची पेटी, समोर लाकडाचा ठोकळा, उजव्या हाताला तीन ट्रे: पास झालेल्यांचा पांढरा, गालबोटाचा पिवळा, खोटीचा लाल. कामाची रीत ठरलेली होती. चाकू उघडायचा, भिंगाखाली दोन्ही अंगांनी फिरवायचा. चरा दिसला की थेट पिवळ्या ट्रेत. दिसला नाही, तर उघड्या पात्याची पाठ ठोकळ्यावर तीनदा आपटायची. ठक, ठक, ठक. पातं जागचं हललं नाही तर पांढरा ट्रे, मिटलं तर लाल. पिवळ्या ट्रेतले चाकू पॉलिशच्या चाकावर जात, घासूनपुसून पुन्हा त्यांच्याच पेटीत येत आणि मग त्यांना ठोके बसत. एकाच चाकूला दोनदा ठोके कशाला, असा त्यातला सरळ विचार होता. बावीस वर्षांत खोट असलेला एकही चाकू त्या टेबलावरून बाहेर पडला नव्हता आणि भिंगताईंना त्याचा चांगलाच तोरा होता.

आता अशी नजर संध्याकाळी टेबलावर काढून ठेवून घरी जाता येत नाही, हीच तर पंचाईत. घरात दोघीच, त्या आणि त्यांची लेक. लेक एका गुलाबाच्या रोपवाटिकेत कलमं करायची. रानगुलाबाच्या खोडाला चाकूने छेद द्यायचा, त्यात चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. या कामाला डोळे भरणं म्हणतात. लेक मैत्रिणींना सांगायची, "आमच्या घरात एक जण डोळे वटारते आणि एक जण डोळे भरते." तिच्या कपाळावर, लहानपणी उंबऱ्यावर पडल्याचा, नखाएवढा व्रण होता. तो झाकला जावा म्हणून भांग डावीकडून पाडायचा, ही भिंगताईंची पंधरा वर्षांची आज्ञा. मलमांच्या किती नळ्या झाल्या त्याची गणतीच नाही. लेकीनं एकदा वैतागून विचारलं होतं, "आई, मी तुझ्या पिवळ्या ट्रेतच आहे ना गं कायमची?" भिंगताईंनी तेव्हा "काहीतरीच बोलतेस" म्हणून विषय झटकला होता. तरी भांगाची आज्ञा काही मागे घेतली नाही.

वादाला तोंड फुटलं ते मालकांमुळे. मालक एका सकाळी पिवळा ट्रे हातात घेऊन आले आणि भिंगताईंच्या टेबलावर ठेवून उभे राहिले.

"ताई, हे काय आहे?"

"गालबोटं."

"मला तर चाकू दिसतायत." मालकांनी त्यातला एक उचलला, उजेडात तिरका धरला, डोळे बारीक केले. "कुठाय चरा?"

भिंगताईंनी नखाने दाखवला. मालकांनी हसून खिशातून स्वतःचा जुना चाकू काढला. त्याच्या पात्यावर एवढे ओरखडे होते की मूळचं पोलाद शोधावं लागलं असतं. "पंधरा वर्षं हा माझ्या खिशात आहे. पेन्सिलीला टोक करतो, सुतळी कापतो, सफरचंद कापतो. कधी दगा दिला? चाकू खिशात जातो ताई, काचेच्या कपाटात नाही."

"त्याच्यावरचे चरे तुम्ही पाडलेत, मालक. तुमचे आहेत ते. नव्या वस्तूवर पहिला ओरखडा ज्याचा त्यानं पाडावा, आपण पाडून देऊ नये." भिंगताईंचा आवाज चढला. "आणि ज्यानं पॉलिश करताना लक्ष दिलं नाही, त्यानं खटका बसवताना तरी दिलं असेल कशावरून?"

"ते बघायला तुमचा ठोकळा आहे ना!" मालक म्हणाले. "आजपासून गालबोटवाले परत पॉलिशला जाणार नाहीत. चिखलामातीत वापरणारी गिऱ्हाइकं असतात, त्यांना तेच द्यायचे. रोपवाटिकेला बारा चाकू हवेत, या सोमवारी पाठवून देऊ."

भिंगताईंनी पुढे वाद घातला नाही. त्या रुसल्या, आणि त्यांचं रुसणं म्हणजे जास्तच शिस्तीत काम करणं. त्या दिवशी त्यांनी भिंग डोळ्यांवर ओढलं आणि बारीकसारीक चरेसुद्धा हुडकून काढले. घ्या, हवेत ना गालबोटं? संध्याकाळपर्यंत पिवळ्या ट्रेत बारा चाकू जमले. सोमवारी ते पुठ्ठ्याच्या खोक्यातून रोपवाटिकेला गेले.

सोमवारी संध्याकाळी लेकीनं पर्समधून चाकू काढून आईसमोर धरला. पात्यावर पाठीजवळ कोयरीच्या आकाराचा चरा होता.

"बारांतला सगळ्यांत वाईट नेमका तूच उचललास?" भिंगताई म्हणाल्या.

"मला आवडला. लगेच ओळखू येतो." लेकीनं चाकू मिटून खिशात टाकला. "आणि कुणी चोरणारही नाही."

बुधवारी सकाळी लेक कामावर निघाली तेव्हा भिंगताईंनी तिला दारात अडवलं. भांग वाकडा होता. नुसता वाकडा नाही, मधूनच पडला होता आणि कपाळावरचा व्रण उघडा होता. "हे काय ध्यान करून निघालीस? आरसा नाही का घरात?" लेकीनं उजवा हात स्वेटरच्या खिशात ठेवला होता आणि डाव्या हाताने चहाचा कप कसाबसा धरून उरलेले घोट संपवत होती. "आणि बाहीवर हा तांबडा डाग कसला? काल अंगावर घातलेलाच स्वेटर ना? औषध सांडलं असणार फवारणीचं. काढ, मी साबणात भिजवते." लेक म्हणाली, "राहू दे आई, उशीर होतोय," आणि गेली. भिंगताई दिवसभर त्या डागावर धुसफुसत राहिल्या. मुलगी हल्ली फार गबाळी झाली आहे, असं त्यांनी शेजारच्या टेबलावर बोलूनही दाखवलं.

गुरुवारी दुपारी पॉलिशच्या चाकावरचे काका हात पुसत त्यांच्या टेबलापाशी आले. सगळे त्यांना चकाकीकाका म्हणत. कारखान्यात फारसं काही चकाकत नसे, काकांचं टक्कल सोडून, असा त्यात टोमणा होता.

"ताई, मला तर सुट्टीच लागली की हो. मालकांनी पिवळा ट्रे माझ्याकडे पाठवणं बंद केल्यापासून माझं चाक थंड पडलंय."

"मला कशाला सांगता? मालकांना सांगा."

"सांगितलं. मालक दुसऱ्याच काळजीत आहेत. या खेपेचे खटके आखूड आलेत म्हणे काही. दिसायला ठीक, पण पातं नीट धरत नाहीत." काका हसले. "मी म्हटलं, काळजी कशाला? भिंगताईंच्या ठोक्यातून सुटतंय का काही?"

"सुटतंय होय!" भिंगताई म्हणाल्या. त्या आठवड्यात लाल ट्रेत नेहमीपेक्षा जास्त चाकू पडले होते हे त्यांच्या लक्षात आलं होतंच. त्यांनी पुढचा चाकू उचलला, उघडला, भिंगाखाली धरला. मुठीजवळ चरा होता. हात आपोआप उजवीकडे गेला आणि चाकू पिवळ्या ट्रेत पडला.

भिंगताई त्या चाकूकडे बघत राहिल्या.

चरा दिसला, ट्रेत टाकला. ठोके कुठे दिले? पूर्वी तो घासून परत आला असता, मग दिले असते. आता तो परत येणारच नव्हता. आणि ते बारा? त्या बारांना त्यांनी ठोके दिले होते का? भिंगताईंनी डोळे मिटून आठवून पाहिलं. त्या दिवशीचा प्रत्येक चरा त्यांना आठवला, कुठला कुठे होता तेही. ठोका मात्र एकाही चाकूचा आठवेना. बावीस वर्षांच्या सवयीनं हात आपल्या वाटेनं गेले होते आणि त्या नुसत्या रुसून बसल्या होत्या.

"काका," त्या म्हणाल्या, "मी बारा चाकू न तपासता दिलेत."

काकांना आधी काही समजेना. समजलं तेव्हा त्यांनी भिंगताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि स्वतःच मालकांना बोलवायला धावले. मालक आले, त्यांनी ऐकून घेतलं. "कुणाला काही झालं असतं तर एव्हाना कळलं असतं," ते म्हणाले. पण तसं म्हणताना त्यांचा स्वतःचाच हात खिशातल्या चाकूवर गेला होता.

भिंगताईंनी लेकीला फोन लावला. तो वाजत राहिला, कारण रोपवाटिकेत कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवावे लागत. ऑफिसचा नंबर लावला, तोही कुणी उचलला नाही. मग त्यांनी पांढऱ्या ट्रेतले बारा चाकू मोजून पिशवीत टाकले, वर ठोकळा ठेवला, कपाळावरचं भिंग काढून टेबलावर फेकलं आणि निघाल्या. मालक गाडी काढतो म्हणाले. पण गाडी निघायची वाट बघण्याइतका धीर त्यांच्यात नव्हता. कोपऱ्यावर बस आली, त्या चढल्या.

बसमध्ये त्या दांडीला धरून उभ्या राहिल्या, जागा असूनही. प्रत्येक थांबा येत होता, दार उघडत होतं, बंद होत होतं, आणि दार बंद होताना दर वेळी त्यांना पातं मिटल्यासारखं वाटत होतं. डोळे भरताना चाकू कसा धरतात ते त्यांना माहीत होतं. लेकीनंच एकदा कणकेच्या गोळ्यावर करून दाखवलं होतं. अंगठा खोडावर, चारी बोटं मुठीभोवती, आणि छेदाची साल पात्याच्या पाठीनं उचलताना त्या पाठीवर दाब पडतो. खटका सुटला तर पातं थेट त्या बोटांवर. आणि एकटी लेकच नाही, अकरा बायका आणखी होत्या. त्यातली एकही त्यांना कुठे नावाने ठाऊक होती? एखादीला आत्ता, या क्षणी काही होत असेल तर? शेजारच्या म्हातारबुवांनी विचारलं, "बरं वाटत नाही का तुम्हाला?" भिंगताई म्हणाल्या, "माझ्या हातून चूक झालीय."

रोपवाटिकेच्या मुकादमबाई फाटकातच भेटल्या. हकिगत अर्धी ऐकून त्या हसल्या. "ओरखडे आहेत म्हणून बदलायला आलात होय? अहो, आमच्या हातात आल्यावर तासाभरात तसेच होतात."

"ओरखड्यांसाठी नाही हो. सगळ्यांना आधी काम थांबवायला सांगा. चाकू खाली ठेवायला सांगा. आत्ता."

त्यांचा चेहरा बघून मुकादमबाईंनी शिट्टी वाजवली. बायका एकेक करून आल्या, मातीचे हात, गुडघ्यांना गोणपाटाच्या पट्ट्या. रोपं ठेवायच्या बाकावर अकरा चाकू जमले. भिंगताईंनी पिशवीतून ठोकळा काढला. आज त्यांनी एकाही चाकूचं पातं उजेडात फिरवून पाहिलं नाही. उघडला, पाठ आपटली, ठक ठक ठक, बाजूला ठेवला. पहिला टिकला. दुसरा, तिसरा. बायका भोवती उभ्या राहून बघत होत्या. सातव्याचं पातं दुसऱ्या ठोक्याला गपकन मिटलं. ज्या बाईचा तो चाकू होता तिनं आपली बोटं मुठीत लपवली, जणू ती अजून धोक्यात होती. आठवा, नववा, दहावा, अकरावा टिकले.

एकच निघाला. भिंगताईंच्या जिवात थोडा जीव आला. एकच आखूड खटका आला असेल, आणि तो सापडला. "माझी लेक कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मागच्या जाळीत," मुकादमबाई म्हणाल्या. "शिट्टी तिथवर पोचत नाही. परवापासून एकटीच तिकडे बसून काम करते. मी विचारलं तर म्हणे, इथे गलका होतो."

परवापासून. वाकडा भांग. खिशातला हात. डाव्या हातातला कप. आणि बाहीवरचा तांबडा डाग. त्यांना सगळं दिसलं होतं, एकही गोष्ट नजरेतून सुटली नव्हती. सगळ्याला त्यांनी नावं ठेवली होती, आणि एकदाही विचारलं नव्हतं. आता त्या ठोकळा काखेत मारून रोपांच्या वाफ्यांमधून अक्षरशः पळाल्या.

हिरव्या जाळीखाली लेक पाटावर बसून कलमांच्या पट्ट्या बांधत होती. दोन्ही हातांत कामाचे मोजे होते, पण गाठ ती डाव्या हाताने आणि दातांनी मारत होती. चाकू शेजारी पडला होता, उघडाच. पातं मिटू नये म्हणून खटक्याभोवती तिनं कलमाची पट्टी गच्च गुंडाळून ठेवली होती.

"आई? तू इथे?"

भिंगताईंनी चाकू उचलला, पट्टी सोडली आणि पाठ ठोकळ्यावर आपटली. पहिल्याच ठोक्याला पातं मिटलं.

"मंगळवारी ना?" त्यांनी विचारलं.

लेकीनं मान हलवली.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"काय सांगू?" लेक मातीकडे बघत म्हणाली. "तू तपासलेला चाकू, तो आपोआप कसा मिटेल? मला वाटलं, मीच धांदरट, मीच चुकीचा धरला. मुकादमबाईंनापण बोलले नाही. म्हटलं, आईच्या चाकूनं कापलं म्हणून उगाच तुझं नाव खराब व्हायचं."

भिंगताई तिच्यासमोर मातीतच बसल्या. "मी तपासलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "चरा बघितला आणि टाकला ट्रेत. ठोके दिलेच नाहीत. तुझी काही चूक नाही, बाळा. चूक माझी आहे. खोट माझ्यात होती."

लेकीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. आईच्या तोंडून असं वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं.

"मोजा काढ."

"आई, नको ना."

"काढ."

लेकीनं उजव्या हाताचा मोजा हळूहळू ओढला. तर्जनीभोवती पांढरी पट्टी होती, कडेनं मळलेली. भिंगताईंनी ती उलगडली. मधल्या पेरावर आडवी जखम, तीन टाके, भोवतीची कातडी सुजून तांबूस झालेली. त्यांचा हात सवयीनं कपाळावरचं भिंग खाली ओढायला गेला. तिथे भिंग नव्हतं.

"दवाखान्यात गेले होते लगेच," लेक घाईघाईनं म्हणाली. "डॉक्टर म्हणाले डाग राहील, पण अगदी बारीक. नीट मलम लावलं तर फार नाही दिसणार. मी लावते रोज."

ती हे अशा आवाजात सांगत होती, जणू माफी मागत होती.

"डागाचं नाही विचारलं मी," त्या म्हणाल्या. "वाकतंय का?"

"काय?"

"बोट. वाकवता येतंय का? दाखव मला."

लेकीनं बोट सरळ धरलं. मग वाकवायला लागली. खालचं पेर वळलं आणि मधलं तसंच ताठ राहिलं. लेकीनं खालचा ओठ दातांत धरला, कपाळावरचा व्रण आक्रसला, आणि मधलं पेर थरथरत, अगदी सावकाश, आत वळलं.

"दुखतंय का?"

"थोडं."

"हळू. पण परत कर."

लेकीनं बोट सरळ केलं आणि पुन्हा वाकवलं. या वेळी जरा लवकर वळलं. मागून बायकांचा आवाज येत होता, मुकादमबाई नवे चाकू वाटत असाव्यात. भिंगताईंचं लक्ष नव्हतं. त्या आपल्या तळहातावर लेकीचा हात घेऊन बसल्या होत्या, आणि डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्यांना ना टाके नीट दिसत होते, ना डाग.

"आणखी एकदा," त्या म्हणाल्या.

लेकीनं तिसऱ्यांदा बोट वाकवलं. "झाले ना तीन?" तिनं विचारलं.

भिंगताईंनी मान हलवली, पण हात काही सोडला नाही.